शोधनिबंध मोजून दर्जा कळतो?

वर कुणी म्हटलंय की मानव्यशाखेचा दर्जाही शोधनिबंधांच्या संख्येवरच ठरवावा. अजिबात पटलं नाही. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ सालचा, स्कॉटिश नगररचनाकार व समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला. पुढे तिथेच गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई असे नामवंत समाज-अभ्यासक तयार झाले. अशी माणसं घडवणं कुठल्या रकान्यात भरणार?

१९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपावर संशोधन करताना लालबागच्या एका चाळीत मी पाचदा गेले. चार वेळा नुसता चहा. पाचव्यांदा आजींनी ट्रंकेतून यजमानांचा गिरणीचा पास काढून माझ्या हातावर ठेवला, आणि मग बोलत्या झाल्या. वर्षभरात लेख झाला एकच, तोही मराठीत. कॉलेजच्या मूल्यमापनात त्याला शून्य गुण मिळाले.