पाळकांच्या पाटीवर फक्त नावे आणि साले आहेत. त्यांचे आयुष्य कसे लिहावे?

सदरकर:
सर्वांना प्रभूमध्ये सप्रेम सलाम. नागपुरातील आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) वर्धापनदिनानिमित्त एक लहान पुस्तिका निघणार आहे आणि तिच्यातील पाळकांविषयीचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंविषयीचा, भाग लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वेस्ट्रीच्या (चर्चमधील पाळकांच्या खोलीच्या) भिंतीवर एक सागवानी पाटी आहे. तिच्यावर आजवरच्या पाळकांची नावे व साले पिवळ्या रंगात लिहिलेली आहेत. त्यापलीकडे एक अक्षर नाही. म्हाताऱ्या सभासदांकडे विचारपूस केली तेव्हा एवढे कळले की ही माणसे एकाच वाटेने आलेली नव्हती. एकजण शाळामास्तर होते. दुसरे रेल्वेत गुड्स क्लार्क होते आणि चाळिशीच्या आसपास सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) गेले. तिसऱ्यांनी चार वर्षे सेवा केली आणि मग पाळकपण सोडून विम्याचे काम धरले. पाटीवरच्या पहिल्या तिघांबद्दल मात्र कोणालाच काही सांगता येत नाही.

पास्टोरेट कमिटीतील (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतील) काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की, पूर्वीच्या नोकऱ्यांचा उल्लेख कशाला, सेवेचे तेवढे लिहावे. आणि जे सोडून गेले त्यांच्या नावापुढे साले देऊन थांबावे. मला हे पटत नाही, पण माझ्याजवळ उत्तरही नाही. तेव्हा दोन गोष्टी विचारतो: जुन्या पाळकांची माहिती कोठे शोधावी, आणि उशिरा आलेल्यांचे व मधेच गेलेल्यांचे कसे लिहावे?

पाळककन्या:
आपल्या ज्येष्ठांना माझ्या वतीने एवढे सांगा की नोकरीचे वगळले तर माझ्या वडिलांच्या सेवेतले निम्मे कोणाला कळणारच नाही. ते तारखात्यात होते. चौतिसाव्या वर्षी सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन, आई आणि आम्ही दोन मुले यांना घेऊन, ते यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकायला गेले. (ही संस्था १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली, नव्या पिढीला ती पुण्याचीच वाटते.) त्यांचे शाळेतले शिक्षण मराठीत झालेले आणि तेथे सगळे इंग्रजीत, त्यावर पुन्हा ग्रीक. तारेच्या कोऱ्या फॉर्मांचा एक जुना गठ्ठा त्यांच्याजवळ होता. त्या फॉर्मांच्या मागच्या बाजूला ते ग्रीक क्रियापदांची रूपे लिहीत आणि स्वयंपाकघराच्या दाराला टाचणीने लावत. आई पोळ्या लाटता लाटता त्यांना ती म्हणून दाखवायला लावी आणि चुकले की लाटणे आपटी. तिला ग्रीक येत नव्हते, पण ते अडखळले की तिला बरोबर कळे.

पुढे पाळक झाल्यावर त्यांचे प्रवचन कधी वीस मिनिटांच्या वर गेले नाही. लोक त्याला शिस्त म्हणत. आम्ही घरी म्हणायचो की बाबा अजून शब्द मोजून तार करतात. कोणाकडे मृत्यू झाला की ते सर्वांआधी पोहोचत, कारण वाईट बातमी दाराशी आली म्हणजे घराचे काय होते हे त्यांनी नोकरीत अनेकदा पाहिले होते. हे सेवेचेच वर्णन आहे, आणि ते तारखात्याशिवाय लिहिता येणार नाही.

आणखी एक विनंती. पाळकांच्या पत्नींचेही लिहा. दर काही वर्षांनी बदली व्हायची, ट्रंका भरायच्या, मुलांच्या शाळा बदलायच्या, आणि आयुष्य पाळक-निवासात काढल्यामुळे निवृत्तीच्या दिवशी स्वतःचे छप्पर नसायचे. आमच्या घरी त्या दिवशी हार आणि शाल आली. किल्ल्या परत करण्याची तारीखही त्याच लिफाफ्यात होती.

निवृत्त पाळक:
माहितीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वेस्ट्रीच्या कपाटातच असावे. बाप्तिस्म्याचे आणि विवाहाचे रजिस्टर काढा. प्रत्येक नोंदीखाली विधी चालवणाऱ्या पाळकाची सही असते, त्यामुळे कोण कधी आला व कधी गेला हे पाटीपेक्षा रजिस्टर अधिक खरे सांगते. पाटी बहुधा कोणीतरी आठवणीने रंगवून घेतलेली असते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या नमुन्यात वधूवरांचे वय, हुद्दा किंवा व्यवसाय, राहण्याचे ठिकाण आणि वडिलांचे नाव असे रकाने आहेत. एखाद्या पाळकाचे लग्न दीक्षेपूर्वी आपल्याच मंडळीत झाले असेल, तर तेव्हा तो काय करत होता हे तेथे सापडते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एक झाल्या. त्यांत बिशपांच्या हाताखाली चालणारे अँग्लिकन होते, तसेच बिशप हे पदच नसलेले प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोकही होते. सेवकवर्ग एक करण्याचा विधी परस्परांच्या मस्तकी हात ठेवून झाला. त्यामुळे त्या पिढीतील एखाद्या पाळकाच्या कागदपत्रांत १९७० च्या आधीची दीक्षा आणि नंतरची नवी भाषा अशी दोन्ही दिसतात. आधी ‘पाळक’ म्हणून दीक्षित झालेला मनुष्य पुढे ‘प्रेस्बिटर’ (पाळकाचेच नवे नाव) म्हणून सही करू लागतो. ती बढती समजू नका.

सोडून गेलेल्यांबद्दल: मी स्वतः एकदा राजीनामा लिहिला होता आणि तीन महिने बायबलमध्ये ठेवला होता. शेवटी दिला नाही, पण त्याचे श्रेय माझ्या विश्वासापेक्षा मुलीच्या दहावीच्या परीक्षेला अधिक आहे. तेव्हा ज्यांनी राजीनामा दिला त्यांच्याविषयी आमच्यासारख्यांनी तरी जपून बोलावे. ‘अमुक साली त्यांनी पाळकीय सेवा सोडली व पुढे विम्याचे काम केले’ असे एक सरळ वाक्य लिहा. कारणे अंदाजाने लिहू नका, आणि नुसती साले देऊन थांबूही नका, कारण तशा मौनाचा वाचणारा वाईटच अर्थ काढतो.

मोहननगरकर:
मी कॅथलिक आहे, म्हणून आमच्याकडचा फरक सांगतो. आमच्या धर्मगुरूंची वाट वरवर पाहता एकसारखी वाटते: कोवळ्या वयात लहान सेमिनरी, मग तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान (धर्मशास्त्र), उपगुरुपद (डीकन) आणि शेवटी गुरुदीक्षा. चर्चच्या कायद्यानुसार पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज गुरुदीक्षा देत नाहीत, आणि लॅटिन पंथात ती घेणारा अविवाहित राहण्याचे व्रत पाळतो. त्यामुळे तारखाते सोडून बायकामुलांसह सेमिनरीत जाण्याचा प्रसंग आमच्याकडे येत नाही.

पण वेगळेपण गावापासून सुरू होते. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये झाला तेव्हा येथे आनसीच्या संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे फ्रेंच धर्मगुरू होते. पुढे केरळ, गोवा, मंगळूर, वसई येथून आले. माझ्या लहानपणी आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) केरळचे एक फादर होते. ते मराठी शिकले ते भाजीबाजारात, त्यामुळे मिस्सेतही (उपासनेतही) त्यांचा ‘काऊन’ (वऱ्हाडी ‘का’) सुटत नसे. पुस्तकी मराठी बोलणाऱ्या नंतरच्या फादरांना लोकांनी मान दिला. केरळच्या या फादरांना घरात बोलावून वडाभात वाढला. आपल्याकडेही बाहेरून आलेले पाळक असतील तर त्यांनी मराठी कोठे आणि कशी उचलली हे अवश्य विचारा.

इतिहासवेडा:
कमिटीपुढे एक दाखला ठेवा. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून नागपुरास आले. आज ज्यांच्या नावाचे कॉलेज आहे (ते १८८३ चे, म्हणजे त्यांच्या पश्चात निघालेले) तेच हे. त्यांना भूगर्भशास्त्राचे वेड होते. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर परिसरातील खडक आणि जीवाश्म अभ्यासले, आणि एका खनिजाला हिस्लोपाइट हे नाव त्यांच्यावरूनच पडले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. गोंड लोकांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. ‘सेवेचे तेवढे लिहा’ या नियमाने चालले तर यातले किती उरेल? शिलावर्तुळे वगळली तर ते त्या नाल्यापाशी का होते हेसुद्धा सांगता येणार नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेही तसेच. शिक्षक, कवी, कीर्तनकार. मिशनच्या चाकरीत येण्यापूर्वी नागपुरातही काही काळ राहिलेले. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर काही वर्षांनी झाला. मधला काळ लक्ष्मीबाईंनी कसा काढला हे मराठी वाचकाला त्यांच्याच शब्दांत ठाऊक आहे. पाळककन्येची पत्नींविषयीची सूचना म्हणूनच मला सर्वांत मोलाची वाटते.

सदरकर:
सर्वांचे मनापासून आभार. काल उपासनेनंतर सेक्रेटरींकडून किल्ली घेऊन कपाट उघडले. वाळवीने एका रजिस्टरचा कोपरा खाल्ला आहे, बाकी वाचता येते. पाटीवरची दोन साले चुकलेली निघाली. विम्याचे काम धरलेल्या पाळकांच्या मुलाशी फोनवर बोलणे झाले. सरळ वाक्य लिहायला त्यांची हरकत नाही, उलट वडिलांचे नाव वगळले जाईल अशीच त्यांना धास्ती होती.

आणि पाटीवरच्या पहिल्या तिघांपैकी एकजण विवाहाच्या रजिस्टरात सापडले. वय चोवीस, व्यवसाय कंपाउंडर, वडिलांचा व्यवसाय विणकाम. खाली तेव्हाच्या पाळकांची सही आहे आणि शेजारी नवरदेवाची, दौत सांडल्यासारखी जाड. त्याच रजिस्टरात अकरा वर्षांनंतर तीच जाड सही विधी चालवणाऱ्याच्या रकान्यात येते.