रेंडर फोटोशॉपमध्ये सावरणं: कौशल्य की पळवाट?

काटकोन:
नवी मुलं व्ही-रे, म्हणजे थ्रीडी मॉडेलमधून प्रकाश-सावलीसकट चित्र काढणारं (रेंडर करणारं) सॉफ्टवेअर, तोंडपाठ करून येतात, पण फोटोशॉपमधला मास्क, म्हणजे चित्राचा ठरावीक भागच बदलू देणारा पडदा, कशाशी खातात ते ठाऊक नसतं. सोफा जरा गडद हवा, एवढ्यासाठी परवा एकाने अख्खं दृश्य पुन्हा रेंडरला लावलं. सहा तास! मटेरियल आयडीचा पास, म्हणजे प्रत्येक मटेरियल वेगळ्या सपाट रंगात दाखवणारं जादा चित्र, काढलेला असता तर त्यावरून सोफा निवडून उजेड-अंधार ठरवणारा कर्व्ह किंचित खाली ओढायचा, झालं. लेयर, मास्क, लेव्हल्स, कर्व्ह्ज आणि मल्टिप्लाय-स्क्रीन (लेयर मिसळून खालचं चित्र गडद किंवा उजळ करणं) एवढंही येत नसेल तर रेंडरिंग येतं असं म्हणू नये.

सावलीवाला:
सोफा ठीक आहे हो. पण ही सवय कुठवर जाते ते पाहिलंय मी. लाल भिंत मास्क लावून निळी केली, छतावर आणि फरशीवर लाल झाक तशीच! क्लायंटला कारण सांगता आलं नाही, पण काहीतरी खटकतंय हे त्याने ओळखलंच. भिंतीवरून उसळलेला प्रकाश फोटोशॉपला कुठून कळणार? आणि अँबियंट ऑक्लुजनचा (कोपऱ्या-फटींतली सावली दाखवणारा) पास मल्टिप्लायवर टाकून कोपरे काजळी धरल्यासारखे काळे करणं हा तर आजारच. ग्लोबल इल्युमिनेशनमध्ये, म्हणजे रेंडर करतानाच्या उसळलेल्या प्रकाशाच्या हिशेबात, ती सावली आधीच आलेली असते.

काटकोन:
काजळीचं मान्य. त्या लेयरची ओपॅसिटी (ठळकपणा) २० टक्क्यांवर आणा ना, कोण अडवतंय? भिंतीचंही मान्य, एवढा मोठा भाग बदलला तर पुन्हा रेंडरच.

उभी_रेघ:
तुम्ही भांडा, पण फाइल कशात सेव्ह करताय? जेपीजी म्हणजे ८ बिट, दर चॅनेलला २५६ पायऱ्या. संध्याकाळचं आकाश थोडं ताणलं की पट्टे दिसलेच. १६ बिट टिफ किंवा ईएक्सआर फाइल घ्या, त्यांत पायऱ्या कितीतरी जास्त.
आणि रेंडरमध्ये माणसांचे फोटो चिकटवताना क्षितिजरेषा बघा. जमीन सपाट आणि कॅमेरा १.६ मीटरवर असेल तर उभ्या माणसांचे डोळे जवळ असोत वा लांब, साधारण त्याच रेषेवर येतात. नाहीतर मागचा माणूस राक्षस होतो. सावली उलट्या बाजूला पडलेली तर किती वेळा पाहिलीय, बोलायलाच नको.

सावलीवाला:
हेच म्हणतोय! हे सगळं प्रकाश आणि पर्स्पेक्टिव्हचं ज्ञान, सॉफ्टवेअरचं नव्हे. मी तरी पहिले सहा महिने कुणाला फोटोशॉप उघडू देणार नाही.

काटकोन:
सहा महिने? मग तोवर सोफे तुम्हीच रेंडरला लावा.