हार्मोनच्या कॅप्सूलने सकाळी गुंगी राहते का?

मैत्रिणींनो, मदत हवी आहे. पाळी जाऊन वर्ष उलटलं. अंगातून वाफा, रात्री गाऊन घामाने चिंब, म्हणून डॉक्टरांनी दंडाला लावायचं इस्ट्रोजेन जेल आणि रात्री नॅचरल प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल दिली. वाफा थांबल्या, झोपही लागते. पण सकाळी डोकं इतकं जड की कुकरच्या शिट्ट्यांचं भान राहत नाही! स्तन दुखतात, मधूनच पाळीसारखा रक्ताचा डाग दिसतो. डॉक्टर म्हणतात, सुरुवातीला असं होतं. डाग थांबले नाहीत तर सोनोग्राफी करू. मोठ्या जाऊबाई म्हणतात, "नॅचरलला कसले साइड इफेक्ट?" अहो, कंदापासून बनवलं तरी शेवटी हार्मोनच ना ते!

कुणाला अशी गुंगी आली होती का? कॅप्सूल जेवणावर घेता की झोपताना रिकाम्या पोटी? डोस डॉक्टरांना विचारूनच बदलेन, अनुभव मात्र सांगा.