मदत हवी आहे: कोरियन पद्धतीचा बीफ राइस बोल (तीनदा फसला)

उद्याचा_डबा

मंडळी, नमस्कार. एरवी वाचनमात्र असतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

मुक्काम न्यू जर्सी. बायकोची आठवड्यातून तीन दिवस रात्रपाळी असते, तेव्हा स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. लेक चौदा वर्षांची. पोहून साडेसहाला घरी येते आणि फ्रीजचं दार उघडूनच बोलायला लागते. मैत्रिणीकडे (मैत्रीण कोरियन नाही, हे आधीच सांगतो) तिने एक बोल खाल्ला. खाली भात, वर गोडसर-तिखट बीफचा खिमा, बाजूला काकडी, वरून तीळ आणि कांद्याची पात. "वीस मिनिटांत होतो बाबा, तिच्या आईने माझ्यासमोर केला." तेव्हापासून तीन बुधवार झाले, तीन प्रयत्न झाले, आणि तिन्ही वेळा शेवटी अंडा-ब्रेड.

मी मूळचा कोल्हापूरचा. मटणाचा खिमा डोळे मिटून करतो, त्यामुळे यात काय अवघड असणार असं वाटलं होतं.

पहिल्या बुधवारी कांदा लाल केला, त्यावर एक पौंड खिमा (८०/२०, म्हणजे वीस टक्के चरबीचा) घातला, लगेच सगळा सॉस ओतला. पाच मिनिटांत पातेल्यात तळं. खिमा राखाडी, उकडलेला, वर तेलाचा तवंग. आटवायला गेलो तर सॉसचा पाक झाला आणि मीठ इतकं वर आलं की लेकीने नुसता भात खाल्ला.

दुसऱ्या बुधवारी गोचुजांग (कोरियन मिरचीची आंबवलेली पेस्ट) आणली. मसाला म्हटल्यावर हात सवयीने गेला: तेल कडकडीत तापवलं, दोन मोठे चमचे गोचुजांग घातली आणि तेल सुटेपर्यंत परतायला घेतली. तेल सुटलंच नाही. धूर सुटला. चव कडू जहर.

तिसऱ्या बुधवारी खारटपणावर इलाज म्हणून कोरियन दुकानातून दुसरा सोया सॉस आणला. रंगाने फिका होता, म्हटलं हा सौम्य असेल. आधीपेक्षा खारट! बाटलीवर सगळं कोरियनमध्ये, वाचता येत नाही. एका सूपच्या वाडग्याचं चित्र आहे. आणि तिळाचं तेल घातलं तरी मैत्रिणीच्या घरचा तो वास अजिबात आला नाही.

भात बासमतीचा. चॉपस्टिकमध्ये एक-एक शीत येतं.

घरात बीफ मी आणि लेक खातो. बायको खात नाही, तिच्यासाठी त्याच सॉसमध्ये दुसरं काही करता आलं तर दुधात साखर. हाताशी वेळ अर्धा तास. कृपया मार्ग दाखवा.

---

पोळपाट_आडवा

"तेल सुटलंच नाही, धूर सुटला" 😂 काका, हलकेच घ्या. मलाही हवंय हे, वाचतेय.

---

लोखंडी_कढई

डॅलसहून लिहितोय. तुमची चूक एकच आहे आणि ती कोल्हापूरची आहे. आपला खिमा म्हणजे आधी मसाला, मग मांस, मग झाकण आणि दम. हा पदार्थ बरोबर उलटा. आधी नुसतं मांस, झाकण कधीच नाही, आणि सॉस अगदी शेवटी.

पाणी का सुटतं? तवा पुरेसा तापलेला नसतो आणि पौंडभर थंडगार खिमा एकदम पडतो. मांसातून पाणी ज्या वेगाने बाहेर येतं त्या वेगाने उडून जात नाही, मग ते त्याच पाण्यात शिजतं. पाणी आहे तोवर मांसाच्या पृष्ठभागाचं तापमान १०० सेल्सियसच्या फारसं वर जात नाही, आणि मांसाला तांबूस रंग आणि खमंगपणा यायला त्याहून बरंच जास्त लागतं. त्यात तुम्ही सॉसही ओतलात, म्हणजे आणखी पाणी.

बिडाचा रुंद तवा घ्या, पातेलं नको. खिमा कागदी टॉवेलने टिपून घ्या. फ्रीझरमधून काढून अर्धवट वितळलेला वापरत असाल तर तिथेच हरलात. तवा चांगला तापू द्या, चमचाभर साधं तेल, आणि खिमा मोकळा न करता चपटा थापा, मोठ्या धपाट्यासारखा. मग हात मागे बांधून तीन मिनिटं उभे राहा. हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला सतत उलथनं फिरवायची खोड. खालून तपकिरी झाला की तुकड्यांत उलटा आणि मग मोडा. एक पौंडाला माझ्या दहा इंची तव्यावर मी दोन घाणे करतो. चरबी फार सुटली तर चमचाभर ठेवून बाकीची काढून टाका (बेसिनमध्ये ओतू नका, नळ तुंबतो, अनुभवाचे बोल). ८०/२० ऐवजी ९०/१० घेतलात तर हा उद्योगच नको.

अजून एक युक्ती. पौंडभर खिम्याला पाव टीस्पून खाण्याचा सोडा दोन चमचे पाण्यात कालवून चोळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. सोड्याने मांस थोडं अल्कधर्मी होतं, शिजताना पाणी धरून ठेवतं आणि रंगही लवकर घेतं. पाव टीस्पूनच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते.

खिमा आहे, तेव्हा आत गुलाबी ठेवू नका. १६० फॅरनहाइट म्हणजे ७१ सेल्सियस. रंगावर भरवसा नको, थर्मामीटर असेल तर लावा.

---

शाकाहारी_पण_प्रेमळ

मराठी संस्थळावर बीफच्या पाककृती बघायच्या राहिल्या होत्या. असो.

---

लोखंडी_कढई

असो म्हणालात ते बरं केलंत. धागाकर्ते न्यू जर्सीत आहेत, प्रश्न तव्याचा आहे.

---

हान_नदीकाठी

सहा वर्षं दक्षिण कोरियातल्या सुवॉनमध्ये आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे. धागा बघून राहवलं नाही.

आधी ती बाटली. तुम्ही "गुक-गान्जांग" आणली आहे. गुक म्हणजे सूप, गान्जांग म्हणजे सोया सॉस. सूपचा रंग काळा होऊ नये म्हणून हा फिका असतो, पण मीठ यात जास्त. रंगावरून खारटपणा ठरवला की इथे नवीन आलेली प्रत्येक बाई फसते, मीही फसले होते. तुम्हाला हवा आहे "जिन-गान्जांग", गडद, थोडा गोडसर, परतण्याच्या आणि मांस मुरवण्याच्या पदार्थांचा. नाहीच मिळाला तर साधा जपानी सोया, कमी मिठाचा. गुक-गान्जांग फेकू नका, पालकाच्या नामुलला (कोरियन पद्धतीची भाजी) अर्धा चमचा सुरेख लागतो.

तिळाचं तेल: भारतीय दुकानातलं आणलंत ना? ते कच्च्या तिळाचं, लोणच्याला आणि दिव्याला ठीक. इथलं तेल भाजलेल्या तिळाचं असतं, चहासारखा रंग, झाकण उघडलं की संक्रांतीला तीळ भाजताना येतो तो वास. पण हे तापवायचं नाही. गॅस बंद केल्यावर एक चमचा वरून. तापवलंत तर वास हवेत आणि पैसे पाण्यात.

गोचुजांग म्हणजे मिरची पूड, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन आणि मीठ. तांदळामुळे आणि माल्टमुळे त्यात भरपूर साखर असते. ती कडकडीत तेलात जळणारच. आपल्या वाटणाशी तिचं काही नातं नाही. तिला वाटीत सोया, साखर आणि थोड्या पाण्यात कालवूनच तव्यात घाला.

माझं प्रमाण एका पौंडाला: जिन-गान्जांग तीन टेबलस्पून, ब्राउन शुगर दीड, गोचुजांग एक, लसणीच्या चार मोठ्या पाकळ्या किसून, आलं एक टीस्पून, पाणी दोन टेबलस्पून. खिमा तांबूस झाला की हे ओता, दोन मिनिटं, चकाकी आली की बंद. पहिल्यांदा गोचुजांग एकच चमचा. तिखटपणा ब्रँडप्रमाणे बदलतो, डब्यावर पाच पायऱ्यांची पट्टी असते, ती बघा.

आता थोडं खरं सांगते. हा खिम्याचा बोल इथे कुणी "कोरियन" म्हणून ओळखणार नाही. तो अमेरिकेतल्या घाईच्या संध्याकाळींचा पदार्थ आहे, बुलगोगीची चव घेतलेला. बुल म्हणजे आग, गोगी म्हणजे मांस. बुलगोगीला मांस खिमा नसतं, कागदासारखे पातळ काप असतात, सोया-साखर-लसूण आणि किसलेल्या नाशपातीत मुरवलेले. इथली नाशपाती मोठी, रसाळ, आणि तिच्यातल्या विकरांनी मांस मऊ पडतं, आपण कबाबाला कच्ची पपई लावतो तसंच. खिम्याला त्याची गरज नाही, तो आधीच बारीक आहे. भातावर असं काही पसरून एका वाडग्यात देतात त्याला "दॉपबाप" म्हणतात, झाकलेला भात. तेव्हा लेकीला दॉपबाप म्हणून वाढलंत तर खोटं नाही.

बीफवरून वर कुणी सुस्कारा टाकला म्हणून गंमत सांगते. कोरियातही जोसॉन राजवटीत (१३९२ ते १८९७) गुरं कापायला वारंवार बंदी होती, कारण बैल गेला तर नांगर कोण ओढणार. बंदी होती आणि लोक खातही होते. आमचं सुवॉन तर गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध होतं आणि आज बीफच्या गालबीसाठी (भाजलेल्या बरगड्या) आहे. देशी हानवू बीफ इतकं महाग की माझ्या ओळखीच्या बायका रोजच्या स्वयंपाकाला ऑस्ट्रेलियाचं किंवा अमेरिकेचंच आणतात.

---

भातुकली

पुण्याहून. भातासाठी बासमती सोडा. तिकडे कॅलरोझ किंवा सुशीचा तांदूळ घ्या. चार पाणी धुवा, अर्धा तास भिजवा, कपाला सव्वा कप पाणी, आणि मीठ-तूप काही नाही. इथे मी इंद्रायणी वापरते, मस्त चिकटतो. आंबेमोहर नको, त्याचा वास सॉसशी भांडतो.

माझा प्रश्न: २०१५ पासून इथे बैलाचं मांसही बंद, आणि म्हशीचं मला आवडत नाही. चिकन खिमा चालेल का?

---

हान_नदीकाठी

@भातुकली, चालेल, फक्त त्यात चरबी कमी म्हणून तेल थोडं जास्त. पोर्क चालत असेल तर त्याहून छान, इथे गोचुजांगबरोबर पोर्कच जास्त करतात.

@उद्याचा_डबा, वहिनींसाठी मश्रूम. हाताने फाडा, कोरड्या तापल्या तव्यावर टाका, त्यांचं पाणी सुटून आटू द्या आणि मगच तेल आणि सॉस. मांसाच्या आधी करा म्हणजे तवा एकच पुरेल.

काकडीचं: पातळ चकत्या, मीठ लावून दहा मिनिटं, घट्ट पिळा, व्हिनेगर, साखर, गोचुगारू (कोरियन मिरचीची भरड), तीळ. गोचुगारू नसेल तर ब्याडगीची भरड. बारीक पूड नको, चिखल होतो.

---

उद्याचा_डबा

काल चौथा बुधवार. वृत्तांत देतो.

तांदूळ सकाळी भिजवून फ्रीजमध्ये, कुकरचा टायमर लावलेला. सॉस आदल्या रात्री बाटलीत. खिमा थापला आणि खरोखर हात मागे बांधले. पहिल्या मिनिटाला जीव कासावीस झाला, करपतोय असंच वाटत होतं. उलटला तर रंग असा की स्वतःच्या पाठीवर थाप मारली. दुसरा घाणा मात्र घाईत तवा न तापवता टाकला, त्याला पुन्हा पाणी सुटलं, म्हणजे सिद्धांत दोन्ही बाजूंनी पडताळला.

भाज्या पकडून एकूण चौतीस मिनिटं. लेक म्हणाली, "मैत्रिणीच्या आईपेक्षा कमी गोड आहे." हे कौतुक की तक्रार ते कळलं नाही, पण वाडगा चाटूनपुसून गेला. बायकोने पहाटे घरी आल्यावर मश्रूम थंडच खाल्ले, उभ्याउभ्या.

फसलं काय? भात. सव्वा कपाने माझा गिचगोळा झाला. सकाळपासून भिजलेला होता म्हणून असेल का?

आणि शेवटचं. बुधवारी जमलं, पण शुक्रवारी मला घरी यायला सात होतात. आधी करून ठेवता येईल असं काही आहे?

---

भातुकली

हो, दिवसभर भिजला की पाणी पिऊन बसतो. कपाला एक कप आणि वर दोन चमचे, बास.

---

हान_नदीकाठी

शुक्रवारसाठी "याक-गोचुजांग". हे मात्र अस्सल इथलं. १५० ग्रॅम बीफ खिमा लसूण-सोया लावून कोरडा परता. मग आच अगदी मंद करून एक कप गोचुजांग, तीन-चार चमचे पाणी, दोन-तीन चमचे मध. ढवळत राहा, दाट झालं की भाजलेल्या तिळाचं तेल आणि मूठभर चिलगोजे. आता विचाराल की गोचुजांग परतायची नाही म्हणाला होतात ना. इथे पाणी आणि मंद आच आहे, कडकडीत तेल नाही. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, कोरडा चमचा. आम्ही आठ-दहा दिवसांत संपवतो. गरम भात, त्यावर एक चमचा हे, अर्धकच्चं अंडं, काकडी. पाच मिनिटं.

---

उद्याचा_डबा

चिलगोजे इथे सोन्याच्या भावात. शेंगदाण्याचं कूट घातलं तर?

---

हान_नदीकाठी

अक्रोड घाला, जाडसर चिरून. कूट घातलंत तर ती चटणी होईल. चांगली होईल, पण चटणी.

---

उद्याचा_डबा

मग अर्ध्या बरणीत अक्रोड आणि अर्धीत कूट. कोल्हापूरला विचारल्याशिवाय लेकीला कळवणार नाही.