कायदे सारखे दिसत असूनही देशांची आर्थिक वाढ इतकी वेगळी का?

प्रश्न | जिज्ञासू_वाचक

दारोन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाल्यापासून ‘संस्था चांगल्या असतील तर देश समृद्ध होतो’ हे विधान जिकडेतिकडे वाचायला मिळते. मालमत्तेची शाश्वती, निष्पक्ष न्यायालये आणि सत्तेवर अंकुश असेल तर लोक निर्धास्तपणे पैसा गुंतवतात, एवढे मलाही पटते. अडचण पुढची आहे. दक्षिण कोरियाच्या वेगवान वाढीची सुरुवात लष्करी राजवटीत झाली. चीनने खाजगी मालमत्तेला राज्यघटनेत संरक्षण दिले ते २००४ साली, म्हणजे सुधारणा सुरू होऊन पाव शतक उलटल्यावर. उलट अर्जेंटिनाने १८५३ सालीच अमेरिकेच्या धर्तीवर राज्यघटना स्वीकारली होती, तरी विसाव्या शतकात तो देश मागे पडत गेला. मग कागदावरच्या नियमांपलीकडे नेमके काय पाहावे, आणि धोरण व संस्था यांत फरक कसा करावा?

उत्तर | हिशेबनीस

सरकार काय करायचे ठरवते ते धोरण. ते ठरवताना आणि राबवताना सरकारचे हात कोणी व किती बांधलेले आहेत, ती संस्था. अशी ढोबळ विभागणी मी करतो.

कोरियात १९६१ साली सत्ता हाती घेतल्यावर पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने बँका ताब्यात घेतल्या आणि निर्यातदारांना बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी व्याजाने कर्जे दिली. स्वस्त कर्ज, आयातीवर निर्बंध आणि सरकारच्या मर्जीतले उद्योगपती हे सगळे लॅटिन अमेरिकेतही होते. फरक अटीत होता. परदेशी ग्राहकाने मागणीसोबत पाठवलेले पतपत्र, म्हणजे माल पोहोचला की पैसे देण्याची त्याच्या बँकेची लेखी हमी, बँकेत दाखवले की निर्यातकर्ज मिळत असे, त्यामुळे कारखानदाराला केवळ अधिकाऱ्याची मनधरणी करून भागत नव्हते. कोरियन सरकारचे काहीही देणे न लागणाऱ्या कोणीतरी दूरदेशी त्याचा माल पसंत करावा लागत होता. राष्ट्राध्यक्ष स्वतः दरमहा निर्यातीचा आढावा घेत आणि मागे पडणाऱ्यांचा हात सोडला जाई. १९६४ मध्ये सुमारे १० कोटी डॉलर असलेली निर्यात १९७७ मध्ये १,००० कोटी डॉलरवर गेली.

मात्र हात सोडण्याची ही ताकद सरकारकडे आली कोठून, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते तिचे मूळ १९५० च्या सुमारास झालेल्या जमीन सुधारणेत आहे. कमाल धारणा सुमारे तीन हेक्टरांवर आणून जास्तीची जमीन कसणाऱ्यांना दिली गेली, आणि सरकारला वेठीस धरू शकेल असा जमीनदारवर्गच उरला नाही. अर्जेंटिनात घटना होती, पण असा वर्ग शाबूत होता. (त्या राजवटीला आदर्श ठरवण्याचा माझा हेतू नाही. कामगार संघटना तिने निर्दयपणे दडपल्या.)

उत्तर | खाणकामाचा_अभ्यासक

वरील मुद्द्याला बोट्सवानाची जोड द्यावीशी वाटते. १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा या देशात पक्के रस्ते अवघे १२ किलोमीटर होते असे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांचा साठा सापडला, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने भूगर्भातील खनिजांवरचा हक्क वेगवेगळ्या जमातींकडून राज्याकडे गेला. यातली बारीक गोष्ट अशी की ओरापा हा बामांग्वाटो जमातीचा प्रदेश, आणि राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. हक्क सोडण्यात ज्याच्या आप्तांचे सर्वाधिक नुकसान होते त्यानेच तो सोडायला लावल्यामुळे इतर जमातींना तक्रारीला जागा राहिली नाही. पुढे १९७५ च्या सुमारास सरकारने खाणकंपनीतला आपला हिस्सा १५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेला, आणि १९९४ पासून उत्पन्नाचा काही भाग ‘पुला फंडा’त साठवला जाऊ लागला.

तरीही सारे श्रेय संस्थांना देऊ नये. बोट्सवानातला हिरा किम्बरलाइटच्या खडकात आहे. तो काढायला अवजड यंत्रे लागतात आणि खाणीभोवती कुंपण घालता येते. सिएरा लिओनमधले हिरे बहुतांशी नदीकाठच्या गाळात विखुरलेले असल्यामुळे फावडे आणि चाळणी घेऊन कोणीही ते काढू शकतो, आणि १९९१ ते २००२ च्या यादवीत सशस्त्र टोळ्यांनी नेमके तेच केले. एकच कायदा दोन्हीकडे लावला असता, तरी तो पाळायला लावण्याचा खर्च सारखा आला नसता.

उत्तर | आकडेबहाद्दर

थोडा संशय मीही व्यक्त करतो. नोबेल मिळालेल्या त्रयीच्या २००१ च्या प्रसिद्ध निबंधात ६४ माजी वसाहतींतील युरोपीय वसाहतकारांचा मृत्युदर वापरला आहे: जेथे ते जगू शकले तेथे त्यांनी टिकाऊ संस्था उभारल्या, जेथे मरत होते तेथे केवळ लूट केली, असा तर्क. डेव्हिड अल्बुई यांनी २०१२ मध्ये दाखवले की त्यांपैकी ३६ देशांचे दर इतर देशांच्या आकड्यांवरून बसवलेले होते. लेखकांनी त्याला उत्तर दिले, वाद मिटला नाही. जागतिक बँकेची व्यवसाय-सुलभतेची क्रमवारी आकड्यांतील गैरप्रकारांमुळे २०२१ मध्ये बंदच करावी लागली. देशाच्या संस्थांना गुण देणारा तक्ता दिसला की मी आधी तो कोणी आणि कसा भरला ते पाहतो.

जिज्ञासू_वाचक

आभारी आहे. जमीन सुधारणेचा दुवा माझ्या ध्यानात आला नव्हता. पण चीनमध्ये सरकारचे हात बांधणारे कोण होते?

हिशेबनीस

काही अंशी स्थानिक सरकारांचा स्वार्थ. १९८० च्या दशकात बऱ्याच प्रांतांनी ठरलेली रक्कम केंद्राला द्यायची आणि वरचा महसूल स्वतःकडे ठेवायचा, अशी करारपद्धत होती, आणि तिचेच स्वरूप खाली जिल्हे-गावांपर्यंत पोहोचले होते. गावाच्या सरकारी मालकीचा कारखाना लुबाडला तर गावाच्याच तिजोरीत खड्डा पडणार, म्हणून अधिकारी त्याला जपत. १९९४ च्या करसुधारणेने मूल्यवर्धित कराचा ७५ टक्के वाटा केंद्राकडे गेला, आणि कारखाने जपण्यातला स्थानिक सरकारांचा फायदा घटला. त्यानंतर काही वर्षांत गावांच्या मालकीचे बहुतेक कारखाने खाजगी हातांत गेले, आणि स्थानिक सरकारे शेतजमीन संपादन करून बांधकामासाठी तिचे वापरहक्क विकण्याकडे वळली.