जत्रेतल्या नाटकाला उठून जाता, मग सिनेमाला खोटं का बोलता?

विंगेतला (फोंडा)

नमस्कार मंडळी. पस्तीस वर्षं गावच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करतोय, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं सुचवतोय. शाळेच्या ऑफिसातली नोकरी संपली, विंगेतलं स्टूल अजून सुटलेलं नाही.

आमच्या जत्रेत नाटक पडलं तर कुणी शिट्ट्या मारत नाही. आधी एक खुर्ची सरकते, मग चार, आणि थोड्या वेळाने खाज्याच्या दुकानांकडे गर्दी वाढते. मला विंगेतून प्रेक्षक दिसत नाहीत, पण खुर्च्यांचा आवाज कळतो. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर नायकाला तोंडावर सांगतात, ‘बाबा, तुझा संभाजी काल औरंगजेबापेक्षा संवादांनाच जास्त घाबरत होता.’ तो निमूट ऐकतो. पुढच्या वर्षी पाठांतर करून येतो.

हीच माणसं सिनेमा बघून आली की मात्र सगळं ‘मस्त’, ‘अप्रतिम’. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकदा खरं लिहिलं, तर पुतणी तीन दिवस बोलली नाही. म्हणून इथे विचारतोय.

ते खरं मत ‘कट्यार काळजात घुसली’ या सिनेमाबद्दल होतं. २०१५ साली आला तेव्हा आम्ही अकरा जण दोन गाड्या करून पणजीला गेलो. मूळ नाटकाचं संगीत अभिषेकीबुवांचं, आणि बुवा मंगेशीचे, म्हणजे शेजारचेच. घरच्या कार्याला जावं तसे इस्त्रीचे कपडे घालून गेलो होतो. बुवांच्या चाली आल्या की मी खुर्चीत ताठ बसायचो. शंकर महादेवन गाताना डोळ्यांत पाणी आलं, नाकारत नाही. पण संवाद? नाटकात एक वाक्य पडतं आणि मग थांबा असतो. त्या थांब्यात प्रॉम्प्टरने चुकून पुढचं वाक्य दिलं तर नट त्याला मारायला येईल. सिनेमात सगळे थांबे पार्श्वसंगीताने लिंपून टाकलेत. सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबामागची मेहनत दिसते, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे: ती दिसते. इतर दहा जणांना सिनेमा फार आवडला. परतताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसरा ‘दृश्यम’, हिंदी, निशिकांत कामतांचा. पकड आहे, कुठेही लागला तरी शेवटपर्यंत बघतो. दर २ ऑक्टोबरला, म्हणजे सिनेमातल्या तारखेला, पावभाजीचे तेच विनोद फोनवर येतात, त्यांनाही हसतो. पण मला सांगा, गोव्यात राहणारा नायक साळगांवकर सत्संगासाठी पणजीला जातो आणि बायकामुलींसकट हॉटेलात मुक्काम करतो? अख्ख्या गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी जेमतेम १०५ किलोमीटर. आमच्याकडची माणसं पणजीत सकाळी कचेरीचं काम करून दुपारच्या जेवणाला घरी असतात. मूळ मल्याळम सिनेमात गाव केरळातल्या इडुक्कीच्या डोंगरात आहे, तिथून शहरात येऊन राहणं पटतं. गोष्ट उचलून गोव्यात ठेवताना रस्ता मोजायचा राहिला. माझ्या बायकोला अजय देवगणच्या गुन्ह्यापेक्षा हॉटेलच्या बिलाची जास्त चिंता वाटली होती.

मालिकांबद्दल पूर्वी फार तावातावाने बोलायचो. एका वाक्यावर पाच चेहरे, प्रत्येक चेहऱ्यावर वीज पडल्यासारखा आवाज. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं आणि मालिकावाले गोव्यात आले, आठवत असेल. आमच्या जवळच्या एका जुन्या घरात एक युनिट उतरलं होतं. मास्क लावून मी कुंपणाबाहेर उभा. नायिकेच्या हातात संवादांची पानं आली आणि अर्ध्या तासात टेक. कॅमेऱ्यामागे एक बारकासा मुलगा तिला वाक्य सुचवत होता, नुसत्या ओठांनी, आवाज न करता! पस्तीस वर्षांत मला ते जमलेलं नाही. माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो अशी ख्याती आहे. तिने सातव्या टेकला ते वाक्य असं म्हटलं की मी कुंपणावरचा हात काढला. मे महिन्यात कोरोना वाढला, विरोध झाला, परवानग्या रद्द झाल्या आणि युनिट निघून गेलं. ते वाक्य मालिकेत कुठे आलं का, म्हणून मी महिनाभर ती मालिका पाहिली. सापडलं तेव्हा त्यावर तोच विजेचा आवाज चढवलेला होता.

तर विचारायचं हे: लोकांनी डोक्यावर घेतलेली कुठली गोष्ट तुम्हांला पटली नाही? आणि लोकांनी नावं ठेवलेली कुठली तुम्ही गुपचूप बघता? कारणासकट सांगा. नुसतं ‘बोअर’ चालणार नाही, आणि नटांच्या घरादारावर घसरू नका.

वास्कोची सून

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. ‘आई कुठे काय करते’. पहिल्या भागापासून, म्हणजे डिसेंबर २०१९ पासून, शेवटपर्यंत पाहिली. हसा खुशाल.

माझा नवरा बोटीवर असतो, सहा महिने बाहेर. घरात मी आणि सासूबाई. आमच्यात भांडण नव्हतं, पण बोलायलाही काही नव्हतं. मालिका सुरू झाली तशा सासूबाई अनिरुद्धशी बोलू लागल्या. ‘मेल्या, तुला लाज ना?’ असं टीव्हीला. मग माझ्याशी, अनिरुद्धबद्दल. मग एकदा स्वतःच्या नवऱ्याबद्दल, म्हणजे माझ्या सासऱ्यांबद्दल, जे मी इथे लिहिणार नाही.

आता खरं मत. अरुंधतीला नवऱ्याचं कळतं तिथपर्यंत उत्तम. मधुराणी प्रभुलकर काही न बोलता ताट पुसायच्या, त्यात सगळं यायचं. मूळ गोष्ट बंगाली ‘श्रीमोयी’ची, पण स्वयंपाकघर आपलं वाटायचं. नंतर तिने घर सोडलं की परत तिथेच, लग्न केलं की परत तिथेच. शेवटची दोन वर्षं तर बाईला स्वतःच्या घरी जेवताना मी पाहिलंच नाही. मालिका दुपारी अडीचला हलवली तेव्हा आम्हीसुद्धा जेवण लवकर उरकू लागलो. वाईट आहे हे कळत होतं. पण बंद करा असं दोघींपैकी कुणी म्हणालं नाही.

काजूबी

विंगेतले काका, साळगांवकर संध्याकाळी घरी आला असता तर सिनेमा मध्यंतरालाच संपला असता. तो पणजीत होता याची साक्ष कुणी दिली असती, कदंब बसच्या कंडक्टरने?

विंगेतला (फोंडा)

बसचा कंडक्टर सिनेमात साक्षीला आहेच! आणि तिथे मला पटतं. सुटे नसलेला माणूस कंडक्टर जन्मभर विसरत नाही.

वास्कोच्या सूनबाई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. ताट पुसण्याचं अगदी बरोबर बोललात. नाटकात ते करता येत नाही, शेवटच्या रांगेला ताट दिसत नाही.

म्हापशाचा शुक्रवार

मी ‘कोर्ट’बद्दल लिहितो, चैतन्य ताम्हाणेंचा. राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका, सगळं ऐकून पाहायला बसलो आणि वीस मिनिटांत डुलकी लागली. हे कबूल करायला मला काही वर्षं लागली, कारण इफ्फीचा, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, पास गळ्यात घालून रांगेत उभा राहणारा माणूस मी. तिथे ‘झोप आली’ म्हणणं म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यासारखं. लोक त्याला ‘स्लो बर्न’ म्हणतात, म्हणजे हळूहळू पेटणारा.

नंतर वडिलांच्या जमिनीच्या दाव्यापायी दोन वर्षं तारखांना गेलो. कुठल्या कोर्टात ते सोडा. पंखा फिरतोय, वकील बोलतोय, न्यायाधीश तेच हळूहळू टायपिस्टला सांगतायत, आपलं प्रकरण येईस्तोवर जेवणाची सुट्टी. एका रात्री सिनेमा परत लावला आणि डोळा लागला नाही. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकत नाहीत, तो प्रसंग पहिल्यांदा माझ्या झोपेत गेला होता. कॅमेरा हलत नाही कारण तिथे काही हलतच नाही.

काका, तुमच्यासाठी एक: त्यात सरकारी वकील बाई रविवारी घरच्यांबरोबर मराठी नाटकाला जातात. परप्रांतीयांवर विनोद, प्रेक्षागृहात हशा. गीतांजली कुलकर्णी तिथे नुसत्या प्रेक्षक म्हणून बसल्यात. पण तेवढ्यावरून कळतं की सोमवारी ही बाई कोर्टात काय मागणार. मला आवडत नाही तो शेवट. न्यायाधीश बाकावर डुलक्या काढतात, पोरं ओरडून उठवतात, एकाला थप्पड बसते. ते आधीच कळलं होतं, परत सांगायची गरज नव्हती.

बाकड्यावरचा (पेडणे)

काकानु, आमच्याकडे प्रॉम्प्टर नसतो, हे आधी सांगून ठेवतो. दशावतारात संहिताच नाही. कथा ठरते, वेश चढतो, आणि बाकड्यावर बसल्यावर राजाला जे सुचेल ते तो बोलतो. पेटीवाला आणि मृदंगवाला सांभाळून घेतात. त्यामुळे आम्ही खोट्या संवादाला तुमच्याहून जास्त चिडतो.

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली. तिच्यातला वाडा आकेरीचा, आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. लोक गाड्या भरून तो वाडा बघायला गेले, माझी बायकोसुद्धा. मी रागावून नाही गेलो. वाडा, माड, काळोख, सगळं आमचं, पण अर्ध्या माणसांची मालवणी म्हणजे शहरी मराठीला शेवटी ‘गो’ लावलेला. पांडूचं ‘इसारलंय’ (विसरलो) तेवढं काळजात बसलं. पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते, त्यामुळे असेल. दुसऱ्या पर्वातले अण्णा मात्र चोख. तसा माणूस प्रत्येक वाडीत एक असतो आणि त्याला सगळे वाकून बोलतात.

आता ‘दशावतार’ सिनेमा, २०२५ चा. हा आम्ही पेडण्याहून जथ्याने पाहिला, त्यात तीन जण दशावतारी कंपनीतले, स्वतः रंगणारे. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी आरशासमोर रंग लावायला घेतला आणि आमच्यातला स्त्रीपार्टी करणारा एक जण हळूच म्हणाला, ‘बोटां बघ, बोटां.’ एवढंच. संपल्यावर बाकीचे काय म्हणाले तेही लिहितो. पूर्वार्ध आमचा होता, उत्तरार्ध दुसऱ्याच कुणाचा. खाणीचा विषय आम्हांला कुणी समजावून सांगायला नको, लाल चिखल आम्ही पाहिलाय. पण सूड सुरू झाला की नट नाहीसा होतो आणि हिरो उरतो. आमच्याकडे रात्रभर देव झालेला माणूस पहाटे रंग पुसतो, चहा पितो आणि पुढच्या गावच्या टेम्पोत चढतो. मला तो टेम्पो बघायचा होता.

वास्कोची सून

बोटांचं वाचून सिनेमा परत बघावासा वाटतोय. माझं लक्ष तिथे गेलंच नव्हतं.

विंगेतला (फोंडा)

बाकड्यावरचे, तुमचं पोस्ट पुतणीला पाठवलं. तिला ‘दशावतार’ फार आवडला होता. उत्तर आलं, ‘हे काका निदान कारण सांगतात.’ म्हणजे मी सांगत नव्हतो की काय!

संहिता नसताना माणूस अडखळला तर कोण सावरतं, हे एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. तुमच्या दहीकाल्याला, म्हणजे दशावताराच्या खेळाला, आलो तर कुठे बसू? विंगेची सवय आहे, समोर बसलं की मला काही सुचत नाही.

बाकड्यावरचा (पेडणे)

विंग नाही आमच्याकडे. बाकड्यामागे पडदा असतो, त्याच्या आड बसा. चहा मिळेल. पण तोंड उघडायचं नाही हां.