शिडाच्या होडीचं इंजिन बदलायचंय, बजेट सव्वा लाख. पंपाचं इंजिन चालेल का?

शहापूरकर, बेळगाव
होडी 22 फुटी, फायबरची, वेंगुर्ल्याला असते. पाण्यात बुडणारी लांबी 18 फूट, सामानासकट वजन दीड टन. आतलं 8 एचपीचं एक सिलिंडरी परदेशी डिझेल इंजिन जाम झालंय, हँडल जागचं हलत नाही. सव्वा लाखाच्या वर एक रुपया नाही. चिकोडीकडे नदीकाठच्या पंपांची पाच एचपीची जुनी इंजिनं मिळतात, त्यातलं एक बसवावं असा विचार करूलालोय. की जुनं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन) घेऊ? जाणकारांनी सांगा की.

फिटरमामा, उद्यमबाग
पंपाच्या इंजिनाचा नाद सोडा. वजन शंभर किलोच्या वर, हा एक भाग. खरी अडचण रेट्याची आहे. पंखा होडीला ढकलतो तो सगळा रेटा शाफ्टमधून इंजिनाकडे येतो. मरीन गिअरबॉक्समध्ये तो पेलायला थ्रस्ट बेअरिंग असतं. पंपाच्या इंजिनाला शाफ्ट थेट जोडला तर रेटा क्रँकवर बसतो आणि क्रँकची बेअरिंगं त्यासाठी केलेलीच नसतात. शिवाय रिव्हर्स नाही. जेटीला लागताना होडी थांबवणार कशी? गिअरबॉक्स वेगळा घ्यायचा तर स्वस्ताई तिथंच संपली. वर खारं पाणी थेट जॅकेटमधून (सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून) फिरवलं की बीड आतून खातं.

आधी जुनं का जाम झालं ते बघा. इंजेक्टर काढून आत टॉर्चचा उजेड टाका. गंज आणि मिठाचा थर दिसला तर पाणी एक्झॉस्टच्या वाटेने शिरलंय. अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पाणी आपोआप आत ओढलं जाऊ नये म्हणून नळीवर असतो तो) मिठाने तुंबला की इंजिन बंद असताना समुद्राचं पाणी सावकाश सिलिंडरपर्यंत चढतं. डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल निम्मं-निम्मं करून सिलिंडरमध्ये ओता, तीन-चार दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. स्टार्टर मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. सुटलंच तर ऑइल लागोपाठ दोनदा बदला.

बोअर-स्लीव्हचं काम इथं बेळगावात होऊन जाईल, त्याची चिंता नको. पैसे खातात ते परदेशी सुटे भाग: एक्झॉस्ट एल्बो, वॉटर पंप, सील. त्यांचंच कोटेशन साठ हजारांच्या पुढे गेलं तर थांबा आणि आउटबोर्ड घ्या.

शीडवाला, कारवार
मामांशी सहमत. आउटबोर्ड किती मोठं, तर टनाला 4 एचपी धरतात, म्हणजे तुम्हाला 6 पुरे. समोरून वारा आणि ओहोटी एकदम आली तर 8 बरं. त्याहून मोठं घेऊन फायदा नाही. या घाटाच्या होडीचा वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो: 18 चं वर्गमूळ गुणिले 1.34, साधारण 5.7 नॉट. 15 एचपी लावलं तर मागची बाजू खाली बसेल, पेट्रोल जळेल, होडी तेवढीच पळेल.

शाफ्ट 20 इंची लाँगच हवा, 25 इंची मिळाला तर उत्तम. 15 इंची फुकट मिळाला तरी घेऊ नका, लाटेत नाळ खाली गेली की पंखा हवेत फिरतो. पंखा कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, लावा.

जुनं घेताना गिअरचं ऑइल थोडं सोडून बघा. दुधाळ असेल तर सील गेलंय. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचं कॉम्प्रेशन मोजा, दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. टू-स्ट्रोकमध्ये टीसीडब्ल्यू-3 (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांचं) ऑइलच घाला, स्कूटरचं नाही. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली. आणि आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी लवकर मुरतं, म्हणून परत आल्यावर नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. गोड्या पाण्याने फ्लश करतानाच ते उरकतं.

शहापूरकर, बेळगाव
आउटबोर्ड टांगायचा ब्रॅकेट उद्यमबागेत करून घेतला तर? आणि जुन्या इंजिनाच्या शाफ्टचं भोक बुजवायचं कसं?

फिटरमामा, उद्यमबाग
करून मिळेल, पण पत्रा 316 स्टेनलेस स्टीलचाच सांगा. 304 खाऱ्या हवेत डागाळतो. लोहचुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम टेस्टचा थेंब टाकून दाखवा म्हणायचं. ट्रान्समला (होडीच्या मागच्या भिंतीला) आतून 12 मिमी मरीन प्लायची पट्टी, 10 मिमीचे चार बोल्ट. भोकं आधी मोठी पाडा, इपॉक्सीने भरा, सुकल्यावर मापाची पाडा, म्हणजे पाणी फायबरच्या आतल्या लाकडात जाणार नाही.

शीडवाला, कारवार
भोक नुसतं पुटीने बुजवू नका. बाहेरून जाडीच्या 12 पट उतार घासा. 6 मिमी जाडी असेल तर सगळीकडून 72 मिमी. इपॉक्सी आणि विणलेलं कापड वापरा. साधा चॉप मॅट (तुटक्या काचतंतूंचा थर) नको, त्याचा बाइंडर बहुतेक पॉलिस्टरच्या रेझिनसाठी असतो. पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि पुढचा थर धरत नाही. दिवाळीनंतर होडी कोरडी झाल्यावर करा. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचं आणि एक्झॉस्टचं भोकही तसंच बुजवा.

अजून एक: आतलं इंजिन गेलं की अल्टरनेटरही जातो. छोट्या आउटबोर्डला चार्जिंग कॉइल असेलच असं नाही. दिवे आणि व्हीएचएफ रेडिओसाठी 50 वॅटचं सोलर पॅनेल आणि कंट्रोलर बजेटमध्ये धरा. बॅटरी पुढे सरकवा, मागचं वजन तेवढंच हलकं होईल.